मालमोटारीची बंद पेटी



नांदेडहून अकोल्याकडे जाणारा हमरस्ता कळमनुरी, हिंगोली आणि वाशीम या गांवांवरून जातो. वसमतच्या बाजूची हळद आणि भोवतालच्या काळ्या जमिनींतील कापूस व सोयाबीन मालमोटारींतूनच बाहेरच्या बाजारपेठा गांठतात. अशी एखादी भरलेली मोटार चढावावर अडली, एंजिन तर गर्जत आहे पण चाकें पुढें सरकत नाहींत, असें झालें म्हणजे मालकाच्या तोंडीं एकच प्रश्न येतो : "मिस्त्री, बिघाड कोठें आहे?" प्रश्न लहान खरा, पण कर्ज काढून मोटार घेणाऱ्याचा पुढचा हप्ता भरला जाणार कीं चुकणार, हें बहुधा त्याच्या उत्तरावर ठरतें. त्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

हिंगोली हा परभणीपासून 1999 सालीं वेगळा झालेला जिल्हा. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या संस्थानांत होता. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंगोलीस लष्करी छावणी होती, आणि 1912 सालीं पूर्णेहून तेथवर रेल्वे आली. 1932 च्या जून महिन्यांत निजामाच्या रेल्वेनें 27 बसगाड्या आणि 166 नोकर एवढ्या सामग्रीवर संस्थानांत मोटार-वाहतूक सुरू केली. पुढें स्वातंत्र्य मिळालें, आणि 1954 सालीं टाटांच्या जमशेदपूर येथील कारखान्यांतून जर्मन मर्सिडीज-बेन्झच्या सहकार्यानें डीझेल मालमोटारी निघूं लागल्या. लवकरच त्या देशभरच्या रस्त्यांवर दिसूं लागल्या.

या मोटारींत गिअर हातानें व क्लच पायानें चालवावयाचा असे. त्यामुळें यंत्राचें ज्ञान मुख्यतः चालकाच्या कानांत, हातांत आणि तळपायांत सांठलेलें असे. क्लच घसरला तर जळका वास येई. दांते झिजले तर खरखर ऐकूं येई. मिस्त्रीचें निदान निम्में तरी चालकाच्या तोंडूनच मिळे. आज मात्र कांहीं डंपरांत, अग्निशामक बंबांत आणि शहरी बसगाड्यांत अशी एक पेटी आली आहे कीं, जिच्यांत गिअर आपोआप बदलतो, आणि एंजिन व चाकें यांच्यामध्यें घट्ट जोड नसून नुसतें तेल असतें. हिलाच टॉर्क कन्व्हर्टरची गिअर-पेटी म्हणतात.

या कल्पनेचा जन्म रस्त्यावर झाला नाहीं. तो समुद्रावरच्या गरजेंतून झाला. हेरमान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता श्टेटिन येथील व्हल्कन जहाज-कारखान्यांत काम करीत असे. वाफेचें टर्बाइन अतिवेगानें फिरावयाचें, तर जहाजाचा पंखा संथ फिरला तरच पाण्यांत नीट पकड घ्यावयाचा. या दोघांची सांगड घालण्यासाठीं त्यानें 1905 सालीं द्रवाच्या द्वारें शक्ति पोंचविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें.

ही युक्ति समजण्यास आपल्या मराठवाड्यांतलेंच एक उदाहरण पुरेसें आहे. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की पुष्कळांनीं पाहिली असेल. तेथें नळांतून आणलेल्या पाण्याच्या जोरानें जातें फिरे. आतां अशी कल्पना करा कीं, पाणी ढकलणारें चाक आणि त्या पाण्यानें फिरणारें चाक हीं दोन्ही एकाच बंद भांड्यांत समोरासमोर बसविलीं आहेत, आणि पाण्याऐवजीं आंत तेल आहे. एंजिन पहिलें चाक फिरवितें. तेल उसळून दुसऱ्यावर आदळतें. दुसरें चाक गाडी ओढतें. दोहोंच्या मध्यें तिसरें एक लहान चाक असतें, त्यास स्टेटर म्हणतात. परत येणाऱ्या तेलाचा ओघ तें योग्य दिशेनें वळवितें, म्हणून गाडी जागेवरून हलतांना एंजिनाचा फिरविण्याचा जोर सुमारें दुप्पट अथवा त्याहून थोडा अधिक होतो. गाडीस वेग आला म्हणजे स्टेटरही त्याच दिशेनें मोकळा फिरूं लागतो. ही मोकळ्या स्टेटरची सुधारणा 1928 सालीं कार्ल्सरूह येथील संशोधकांनीं केली.

पुढची वाटचाल वेगानें झाली. इंग्लंडांत डेमलर कंपनीनें 1930 सालीं तेलाचें फ्लायव्हील आपल्या गाड्यांस बसविलें. अमेरिकेंत 1939 सालीं ओल्डस्मोबिलची आपोआप गिअर बदलणारी पेटी निघाली. पण तिच्यांत स्टेटर नव्हता, म्हणून ती जोर वाढवीत नसे, केवळ पोंचवीत असे. 1948 सालीं ब्यूइक गाडींत खरा टॉर्क कन्व्हर्टर आला. आपल्या देशांत मनमोहन सुरी या अभियंत्यानें रेल्वे-एंजिनांसाठीं तेल आणि यांत्रिक जोड यांचा मेळ घालणारी रचना सिद्ध केली. त्यास 1962 चें भटनागर पारितोषिक मिळालें, आणि चित्तरंजन येथें बांधलेल्या डीझेल शंटिंग एंजिनांत ती वापरली गेली.

आतां निदानाकडे वळूं. प्रथम एक धोका सांगितला पाहिजे. ज्या मोटारीस क्लचचें पेडल नाहीं तिच्यांत टॉर्क कन्व्हर्टर असेलच, असें नाहीं. अलीकडच्या कित्येक मालमोटारींत साधाच क्लच असून तो यंत्र आपोआप दाबतें. दोहोंचीं लक्षणें वेगळीं आणि औषधेंही वेगळीं. म्हणून पहिला प्रश्न हाच : पेटी कोणत्या जातीची आहे?

दुसरी तपासणी तेलाची. गाडी सपाट जागीं उभी करावी, तेल तापूं द्यावें, आणि कारखान्याच्या पुस्तकांत सांगितलेल्या रीतीनें पातळी पाहावी. जळका वास आणि काळसर रंग आला तर आंतल्या क्लच-चकत्या होरपळल्या असें समजावें. तेल दुधासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. तें बहुधा तेल थंड करणाऱ्या नळ्या फुटल्यामुळें रेडिएटरमधून येतें. धातूचे कण दिसले तर कोठें तरी घर्षण चाललें आहे. ज्याप्रमाणें वैद्य प्रथम नाडी पाहतो, त्याप्रमाणें हें करावयाचें. आणि यास खर्च म्हणाल तर एका चिंधीचा.

तिसरी परीक्षा स्टॉल टेस्ट. ब्रेक घट्ट दाबून, पुढें-मागें कोणी नाहीं अशी खात्री करून, गिअरमध्यें गाडी ठेवून एंजिन पूर्ण जोरानें चालवितात आणि फेरे मोजतात. एंजिनाची सारी शक्ति त्या वेळीं तेल तापविण्यांत जात असल्यामुळें हें पांच सेकंदांपेक्षां अधिक करूं नये. फेरे नेमापेक्षां वाढले तर गिअर-पेटींतील क्लच घसरत आहेत किंवा तेल कमी आहे. फेरे कमी भरले तर एंजिनच दुबळें आहे, अथवा स्टेटरची एका दिशेची पकड सुटली आहे. आणि गाडी सुटतांना ठीक, स्टॉल टेस्टही बरोबर, पण वेग येत नाहीं व तेल फार तापतें, असें असेल तर स्टेटर अडकला असण्याचा संभव असतो. गाडी थांबतांक्षणीं एंजिन बंद पडतें, असें असेल तर कन्व्हर्टरचा कुलूप-क्लच सुटत नाहीं, असा संशय घ्यावा.

डीझेलच्या बाबतींत आणखी एक कसोटी आहे. पेट्रोल एंजिनांत हवेच्या नळींत निर्वात निर्माण होतो, आणि त्यावरून जुन्या पेट्यांस ओझ्याचा अंदाज मिळे. डीझेल एंजिनांत असा निर्वात नसतो. म्हणून तेथें स्वतंत्र पंप किंवा ॲक्सिलरेटरला जोडलेली तार वापरावी लागे. ती तार ढिली झाली कीं गिअर अवेळीं बदले आणि निष्पाप पेटीवर आळ येई. त्याचप्रमाणें तुंबलेल्या डीझेल-फिल्टरनें गाडी हिसके देऊं लागली तरी "गिअर-पेटी गेली" असा निकाल पुष्कळदां दिला जातो. पेटी उतरवून उघडली कीं मालकाचे दिवस जातात, पैसे जातात, आणि चांगली पेटीही पूर्वीसारखी बसेलच असें नसतें.

जुन्या मोटारींत चालक आपल्या शरीरानें यंत्र ओळखत असे. बंद पेटीनें त्याचे श्रम हलके केले, पण त्याच्या हातचें ज्ञानही काढून घेतलें. तें आतां कसोट्यांच्या क्रमांत जपावें लागेल. हिंगोलीच्या रस्त्यावर अडलेल्या मालकास "पेटी उतरवा" असें सांगणारा मिस्त्री भेटला, तर त्यानें आदरानें एवढेंच विचारावें : "दादा, तेल पाहिलें का? फेरे मोजले का?" या दोन प्रश्नांनीं एखाद्या घरचा हप्ता वांचला, तर पुष्कळ झालें.