टांग्याच्या पाट्यांपासून चुंबकी शॉकअपपर्यंत

मंडळी, कोपरीतला आमचा एक जुना विद्यार्थी स्पोर्ट्स कार घेतोय. साधं सस्पेन्शन घेऊ की वरचे पैसे मोजून ॲडॅप्टिव्ह, असं त्याने विचारलं. शेजारी आई बसणार, आणि तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा हा नुसता चैनीचा प्रश्न नाही.

आम्ही इतिहासाकडून सुरुवात करतो. बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. आसाचा दणका थेट माणसाच्या कण्यात जाई, मध्ये फार तर पेंढा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओबदाया इलियटने घोडागाडीला एकावर एक रचलेले पोलादी पाटे लावले. तेच पुढे टांग्याखाली दिसू लागले. पण स्प्रिंग धक्का गिळते आणि लगेच परतही करते! गाडी डोलतच राहते. ते डोलणं जिरवतो शॉकॲब्सॉर्बर, गॅरेजमधला 'शॉकअप': आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, झोक्याची ताकद उष्णतेत जाते. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी आठवा. पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे मात्र टांग्यासारखे पाटेच.

शॉकअप मऊ ठेवला तर गाडी हेलकावते, कडक ठेवला तर प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. सोण भिक्खूला बुद्धांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला होता, तो आम्हाला इथे आठवणारच. साध्या सस्पेन्शनमध्ये हा मध्य कारखान्यात एकदाच ठरतो, ॲडॅप्टिव्हमध्ये क्षणोक्षणी. लोहकण मिसळलेलं तेल चुंबकामुळे घट्ट होतं, हे जेकब राबिनो यांनी अमेरिकेत 1940च्या दशकात दाखवलं. 2002मध्ये ते कॅडिलॅकच्या शॉकअपमध्ये आलं.

इथे एक गफलत होते. 1992मध्ये नायजेल मॅन्सेल ज्या विल्यम्स गाडीवर फॉर्म्युला वन जिंकला, तिचं सस्पेन्शन चाक स्वतःच्या ताकदीने वरखाली करी. 1994पासून त्यावर बंदी आली. बाजारातलं ॲडॅप्टिव्ह ते नव्हे. बहुतेक गाड्यांत ते फक्त शॉकअपचा विरोध कमीजास्त करतं. स्प्रिंग तीच, टायरची भिंत तेवढीच बुटकी, चाकाला वर सरकायला जागाही तेवढीच. पूल ओलांडून द्रुतगती महामार्गावर लागलात, की फरक जाणवेल. गल्लीतल्या खड्ड्याची धारदार कड मात्र आधी टायरच झेलतो.

म्हणून आमचा कौल: कंपनी देत असेल तर आधी लहान रिम आणि उंच भिंतीचा टायर, मग ॲडॅप्टिव्ह. दोन्ही गाड्या एकाच मापाच्या टायरांवर, आईला बसवून, कोपरीतच चालवून बघ म्हटलंय. आणि बुकिंगआधी एका ॲडॅप्टिव्ह शॉकअपची किंमतही विचार. गळायला लागला की तो बहुधा अख्खाच बदलावा लागतो.