नकटीचं वजन

रिव्हॉल्व्हरचं नाक म्हणजे त्याची नळी. ही नळी कापून दोन इंचांवर आणली की अमेरिकन माणूस त्या रिव्हॉल्व्हरला ‘नकटं’ म्हणतो आणि खिशात घालतो. आपल्याकडे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तिकडे नकटीला स्थळांची कधी ददात पडली नाही. मात्र बघायला आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो : वजन किती?

माझा या विषयाशी संबंध बँकेच्या दारातल्या गार्डाच्या दुनळीपुरता. पण ती दुनळी लोकांना दिसावी म्हणूनच असते. दिसू न देता बाळगायच्या हत्याराचं शास्त्र अगदी उलटं, आणि त्या शास्त्राचा इतिहास म्हणजे जमाखर्चाचीच एक वही आहे.

सॅम्युएल कोल्टनं १८३६ साली रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं तेव्हा खिशाचा विचार फारसा कोणाच्या डोक्यात नव्हता. त्याचं १८४७ सालचं ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर तर दोन किलोंचं होतं. दोन किलो म्हणजे आठवड्याचे कांदे! ते कमरेला लावलं तर विजारीचं काय होईल हे सांगायला नको. म्हणून ते खोगिराला लटकवायचं आणि घोड्यानं वाहायचं. खिशातलं काम तेव्हा फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची तळहाताएवढी पिस्तुलं करीत. गोळी एकच, वजन पाव किलोच्या आत. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अब्राहम लिंकन नाटक बघत बसले असताना त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात तसलंच एक होतं.

इथं मला रॉलिन व्हाइट नावाच्या गृहस्थाची आठवण काढल्याशिवाय पुढं जाववत नाही. धातूची काडतुसं मागून भरता येतील असं आरपार भोकांचं नळकांडं त्यानं १८५५ साली पेटंट केलं. पेटंट होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी वापरायला घेतलं, दर रिव्हॉल्व्हरमागे पंचवीस सेंट द्यायच्या बोलीवर. गडी खूश! पण करारात एक कलम होतं : कोणी नक्कल केली तर कोर्टकचेरीचा खर्च व्हाइटनं सोसायचा. नक्कल करणारे भरपूर निघाले. पंचवीस-पंचवीस सेंटनी आलेला पैसा वकिलांच्या घरी रांगेनं चालत गेला. १८६९ साली पेटंटची मुदत संपली. त्याला दिलासा देणारं विधेयक काँग्रेसनं मंजूर केलं, ते अध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये नाकारलं. कॉमर्सच्या पोरांना हा करार अभ्यासाला लावावा. सही करण्यापूर्वी कलमं वाचण्याची सवय लागेल.

असो. रिव्हॉल्व्हर खोगिरावरून खिशात आलं, पण घोडा काही सुटला नाही. हा दुसरा घोडा, रिव्हॉल्व्हरच्या पाठीवरचा. ऐन वेळी खिशातून उपसायला जावं तर हा अस्तरात अडकायचा. स्मिथ आणि वेसनच्या कंपनीनं १८८७ साली घोडा पोटातच दडवलेलं एक मॉडेल काढलं. त्याच्या मुठीमागे एक पट्टी होती. मूठ घट्ट आवळली तरच चाप हलायचा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘लिंबू पिळणी’. कारखान्यानं शंभर भारदस्त नावं द्यावीत आणि गिऱ्हाइकानं स्वयंपाकघरातलं एक चिकटवावं, हे सगळीकडेच चालतं.

कोल्टच्या कंपनीत जॉन फिट्झजेराल्ड म्हणून एक हुन्नरी माणूस होता. तो चांगली धडधाकट रिव्हॉल्व्हरं घ्यायचा, त्यांची नळी कापायचा, घोड्याचं शेपूट छाटायचा, चापाभोवतीची कडी पुढून उडवायचा, आणि पँटच्या दोन्ही खिशांत एकेक घालून हिंडायचा. १९२७ साली कोल्टनं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ बाजारात आणलं : दोन इंची नळी, सहा गोळ्या, वजन सुमारे सहाशे ग्रॅम. हॉलिवुडच्या गुप्त पोलिसांची कायमची सोय झाली. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसननं एक गोळी कमी करून नळकांडं बारीक केलं आणि वजन साडेपाचशेवर आणलं. कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोलीसप्रमुखांचं अधिवेशन भरलं होतं, तिथं ते मांडलं. नाव प्रमुखांनीच सुचवलं : ‘चीफ्स स्पेशल’. साहेबांना आपल्या नावाची वस्तू आवडणारच.

तरी गिऱ्हाइकाची कुरकुर चालूच : जड होतं हो! मग पोलादाच्या जागी ॲल्युमिनियम आलं. कोल्टचं ‘कोब्रा’ १९५० मध्येच सव्वाचारशे ग्रॅमवर उतरलं. पण न्यूटन हा फार कडक हिशेबनीस. गोळी तीच, दारू तीच आणि हत्यार हलकं, तर उरलेला धक्का जातो कुठं? तळहातात. वजन निम्मं करा, हाताला बसणारी धक्क्याची ऊर्जा दुप्पट. खिशाच्या खात्यावर जी बचत जमा दिसते, तीच मनगटाच्या खात्यावर नावे पडते; ताळेबंद जुळतोच. अमेरिकन हवाई दलानं वैमानिकांसाठी नळकांडंसुद्धा ॲल्युमिनियमचं करायला लावलं आणि कोल्टनं तीनशे ग्रॅमच्या घरातलं रिव्हॉल्व्हर बनवूनही दिलं. ते नळकांडं नेहमीच्या काडतुसाला पुरं पडेना. मग त्यासाठी खास सौम्य काडतूस काढावं लागलं. अखेर त्यातली बहुतेक सगळी हवाई दलानं स्वतःच मोडीत काढली.

त्या ‘कोब्रा’पैकी एक १९६० साली डॅलसमधल्या हार्डवेअरच्या दुकानातून साडेबासष्ट डॉलरला विकलं गेलं. पुढं ते जॅक रूबी या नाइटक्लबवाल्याच्या खिशात असायचं. २४ नोव्हेंबर १९६३, रविवार. क्लबातल्या एका नर्तकीला पैशांची नड होती म्हणून रूबी तारघरात गेला, पंचवीस डॉलरची तार-मनीऑर्डर केली आणि पावती घेतली. पावतीवर वेळ पडली ११ वाजून १७ मिनिटं. हाकेच्या अंतरावर पोलीस मुख्यालय होतं. तिथल्या तळघरातून केनेडींच्या खुनाचा आरोपी ऑस्वाल्ड याला दुसऱ्या तुरुंगात हलवत होते. ११ वाजून २१ मिनिटांनी रूबीनं त्याच्या पोटात गोळी घातली. सारा देश टेलिव्हिजनवर बघत होता. खटला उभा राहायच्या आतच आरोपी गेला.

मी त्या काउंटरवरच्या कारकुनाचा फार विचार करतो. त्यानं काम चोख केलं, फॉर्म तपासला, शिक्का मारला. पेन सापडत नाही, सुटे नाहीत, साहेब जागेवर नाहीत, यांपैकी एक जरी आमच्या पद्धतीनं झालं असतं, तर रूबी तळघरात पोचेपर्यंत गाडी निघून गेली असती. कार्यक्षमतेची भाषणं ऐकताना मला हमखास ती चार मिनिटं आठवतात. आणि ते सव्वाचारशे ग्रॅमही. वॉकर असतं तर पैसे पाठवायला निघालेला माणूस ते बरोबर घेऊन निघाला असता का? १९९१ मध्ये तेच रिव्हॉल्व्हर लिलावात दोन लाख वीस हजार डॉलरला गेलं. इतकं व्याज आमची कोणतीच ठेव देत नाही.

पुढचा इतिहास झपाट्यानं वजन उतरवल्याचा आहे. १९९९ मध्ये टिटॅनियम, मग स्कँडियम मिसळलेलं ॲल्युमिनियम. आता साडेतीनशे ग्रॅमच्या आतलं नकटं मिळतं, आणि काडतूस पूर्वीपेक्षा दांडगं! धक्का असा की नळकांड्यात बाकी राहिलेल्या काडतुसांच्या गोळ्या हिसक्यानं पुढं सरकून नळकांडं अडू शकतं. हलकी गोळी वापरू नका, असं नळीवरच कोरलेलं असतं. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ काढलं : अर्धा किलो वजन, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. परवान्याच्या फायलीचं वजन वेगळं.

मला कोणी निवडायला सांगितलंच तर मी १९५० चं पोलादीच पसंत करीन. साडेपाचशे ग्रॅम म्हणजे दुपारपर्यंत खांदा उतरायला लागतो, विजार ओघळते, आणि तिसऱ्या दिवशी मनुष्य ते कपाटात ठेवून नुसता रुमाल घेऊन बाहेर पडतो.