शाहूवाडीत धो-धो पाऊस, तरी उन्हाळ्यात पाणीटंचाई का?

दुष्काळ म्हटला की माण, आटपाडी, जत ही नावे आठवतात. कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी कुणाला आठवत नाही. आंबा घाट आणि विशाळगडाच्या परिसरात दर पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मेमध्ये तालुक्यातील डोंगरमाथ्यावरच्या वाड्या-धनगरवाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते.

पाणी जाते कुठे?

बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. तीव्र उतारामुळे त्यातले बरेच पाणी ओढ्यांतून थेट कडवी, कासारी, वारणा या नद्यांना मिळते. माथ्यावरच्या सड्यांवर जांभा खडक आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यात लवकर मुरते, पण कड्याखालच्या झऱ्यांवाटे लवकरच बाहेरही पडते. अनेक वाड्या याच झऱ्यांवर अवलंबून असतात आणि उन्हाळ्यात नेमकी त्यांचीच धार बारीक होते.

बंधारे आहेत ना?

आहेत. ज्या बंधाऱ्याला राज्यभर 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात, त्यात पावसाळा संपताना बरगे घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढतात. पण हे पाणी नदीपात्रात साठते. ते डोंगरावर चढवायचे तर पंप, पाइपलाइन आणि विजेचे बिल आले.

मग उपाय काय?

झरा जपणे: झऱ्याला पाणी पुरवणारे क्षेत्र आधी शोधावे लागते. तिथली झाडी राखली आणि उत्खनन टाळले, तर पाणी मुरण्याची जागा शाबूत राहते. चर मात्र सरसकट खोदू नयेत. अतिपावसाच्या तीव्र उतारावर जास्त पाणी मुरवल्यास दरड कोसळण्याचा धोका वाढतो.

रात्रीचे पाणी साठवणे: मिनिटाला 10 लिटर देणारा झरा दिवसाला 14,400 लिटर देतो. टाकी नसेल, तर रात्रीचे पाणी वाहून जाते.

छतावरचे पाणी: 1 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. पाच जणांच्या घराला पिण्या-स्वयंपाकासाठी रोज 50 लिटर धरले, तर 100 दिवसांना 5,000 लिटर लागतात. 50 चौरस मीटर छतावर 100 मिलिमीटर पावसातच एवढे पाणी पडते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, टाकी झाकलेली असावी आणि पिण्याआधी पाणी शुद्ध करावे.

कमी पावसाचे गाव काय शिकवते?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे वर्षाला सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने चर खोदले, झाडे लावली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. खरा फरक पाडला तो हिशेबाने. पावसाळ्यानंतर गाव उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी पिण्याचे पाणी राखले जाते, मग पिके ठरतात. शेतीसाठी बोअरवेल आणि उसासारखी जास्त पाणी पिणारी पिके यांवर गावानेच बंदी घातली.

शाहूवाडीच्या वाड्यांना हिवरे बाजारचे चर जसेच्या तसे उचलता येणार नाहीत, पण ताळेबंद नक्की उचलता येईल. त्यासाठी बादली आणि घड्याळ पुरते. ऑक्टोबरपासून दर महिन्याला झऱ्याखाली 10 लिटरची बादली किती वेळात भरते, ते लिहून ठेवायचे. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून मे महिन्यातल्या टंचाईचा अंदाज डिसेंबरातच बांधता येतो आणि टाकी बांधायला किंवा दुरुस्त करायला वेळ मिळतो.