बी.फार्म झालं, आता एम.फार्म की फार्मा एमबीए? फी भरण्याआधी हे वाचा

बी.फार्मचं शेवटचं वर्ष आलं की घरात चर्चा सुरू होते. मेडिकल टाकायचं, कंपनीत चिकटायचं, की अजून दोन वर्षं शिकायचं? त्यातच कुणीतरी सांगतं, ‘फार्मात एमबीए कर, पॅकेज मोठं मिळतं.’ कोर्स खराच चांगला आहे. पण तो कोणासाठी आहे, त्यानं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे न बघता कर्ज काढलं की पुढे पस्तावायची वेळ येते.

हा कोर्स नेमका आहे तरी काय?

औषध तयार करणं आणि औषधाचा धंदा चालवणं, या दोन्ही गोष्टी एकत्र शिकवणारं हे दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण आहे. औषध कसं शोधतात, चाचण्या कशा होतात, परवानगी कशी मिळते, हे त्यात असतं. सोबत मार्केटिंग, हिशेब, मालाचा पुरवठा, पेटंट, बाजाराचा अभ्यास आणि माणसं सांभाळणं हेही असतं.

दोन्ही एकत्र का लागतं?

एका गोळीचा प्रवास बघा. नवीन औषध आधी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासतात. मग माणसांवरच्या चाचण्या होतात. पहिल्या टप्प्यात मोजक्या लोकांवर, दुसऱ्यात थोड्या रुग्णांवर आणि तिसऱ्यात मोठ्या संख्येनं रुग्णांवर. हे सगळं व्हायला दहा-बारा वर्षंही लागतात. पेटंट मात्र अर्ज केल्या दिवसापासून २० वर्षांचंच असतं. म्हणजे औषध दुकानात येईपर्यंत पेटंटची निम्मी मुदत संपलेली असू शकते. कोणत्या औषधावर पैसा लावायचा आणि कोणतं मध्येच सोडायचं, हा निर्णय म्हणूनच शास्त्राचाही असतो आणि पैशाचाही.

भारतात नव्या औषधाला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना परवानगी देते. राज्यात कारखान्याचा आणि मेडिकल दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासन बघतं. किंमतही मनाला येईल तशी लावता येत नाही. अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ठरते. बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडची दुकानदाराला पडणारी सरासरी किंमत काढतात आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के मिळवतात. यादीबाहेरच्या औषधाची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही.

आता गावातलं उदाहरण घ्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं. ते कंपनीतून स्टॉकिस्टकडे आणि तिथून गावच्या मेडिकलमध्ये येतं. वाटेत कुठे फ्रिज बंद राहिला तर औषधाची ताकद कमी होते, आणि नुसतं बघून ते कळेलच असं नाही. नुसती विक्री शिकलेल्याला हा धोका समजत नाही. नुसतं औषधशास्त्र शिकलेल्याला वाटेचा खर्च मांडता येत नाही. दोन्ही समजणारा माणूस कंपनीला हवा असतो.

याचं मोठं उदाहरण मुंबईतल्या सिप्ला कंपनीचं. २००१ मध्ये एचआयव्हीच्या तीन औषधांचा उपचार श्रीमंत देशांत एका रुग्णाला वर्षाला १० हजार डॉलरहून जास्त पडत होता. सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केला. हमीद स्वतः रसायनशास्त्रात पीएचडी केलेले. औषध कसं बनतं, खर्च किती येतो आणि कायदा काय म्हणतो, ही तिन्ही गणितं जुळली म्हणून ते शक्य झालं. त्या वेळी भारतात औषधावर नाही, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळायचं. २००५ पासून औषधावरही पेटंट मिळू लागलं.

एम.फार्म आणि फार्मा एमबीए यात फरक काय?

घोळ इथेच होतो. दोन्ही कोर्स दोन वर्षांचे असले तरी वाटा वेगळ्या आहेत.

• एम.फार्म: फार्मास्युटिक्स, फार्माकोलॉजी, क्वालिटी अॅश्युरन्स, रेग्युलेटरी अफेअर्स अशा शाखा असतात. संशोधन, गुणवत्ता तपासणी आणि परवानगीची कागदपत्रं, ही कामं मिळतात. फार्मसी कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.फार्म हवं. तिथे एमबीए चालत नाही.

• फार्मा एमबीए: ब्रँड सांभाळणं, बाजाराचा अभ्यास, विक्रीचं नियोजन, पुरवठा साखळी, कंपनीसाठी नवे करार, सल्लागार संस्थेतलं काम, अशी दिशा असते.

• मेडिकल दुकान: त्यासाठी नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. डी.फार्म किंवा बी.फार्मवर ती नोंदणी होते. दुकान हेच ध्येय असेल तर एमबीएची गरज नाही.

• औषध निरीक्षक: या सरकारी पदाला फार्मसीची पदवी मोजली जाते. एमबीएनं पात्रता वाढत नाही.

रेग्युलेटरी अफेअर्सचं काम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. औषध परदेशात विकायचं तर त्या देशाच्या नियमाप्रमाणे कागदपत्रं करावी लागतात. ज्याला प्रयोगशाळाही आवडते आणि धंदाही समजून घ्यायचाय, त्याच्यासाठी ही मधली वाट आहे.

प्रवेश कुठे आणि कसा?

पंजाबात मोहालीला राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था आहे. तिलाच ‘नायपर’ म्हणतात. १९९८ च्या कायद्यानं तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा आहे. आज देशात अशा ७ नायपर आहेत. मोहाली आणि हैदराबादला एमबीए फार्म हा कोर्स चालतो. बी.फार्मवाल्यांनी आधी जीपॅट पास व्हायचं, मग नायपरची प्रवेश परीक्षा द्यायची. एमबीएसाठी त्यापुढे गटचर्चा आणि मुलाखत असते. दिल्लीच्या जामिया हमदर्दमध्येही फार्मा व्यवस्थापनाचा एमबीए आहे.

महाराष्ट्रात राहूनच करायचं असेल तर राज्याची एमबीए सीईटी द्यावी लागते. पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गात ४५ टक्के गुण लागतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एमबीएच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात ‘फार्मा आणि हेल्थकेअर मॅनेजमेंट’ हा विषयगट होता. मात्र प्रत्येक कॉलेज तो शिकवतंच असं नाही. अर्जात कॉलेजचा पसंतीक्रम भरण्याआधी हे विचारून घ्यावं.

बारावीनंतर थेट बी.फार्म आणि एमबीए मिळून पाच वर्षांचा जोडकोर्सही असतो. मुंबईचं एनएमआयएमएस विद्यापीठ तो चालवतं. पण खाजगी अभिमत विद्यापीठाची फी आणि सवलतीचे नियम वेगळे असतात, ते पुढे बघा.

पैशाचं गणित आधी मांडा

१. एम.फार्मला जीपॅट पास होऊन प्रवेश घेतला आणि कॉलेज व जागा एआयसीटीई मान्यतेची असेल, तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन दोन वर्षं मिळू शकतं. फार्मा एमबीएला हे गृहीत धरू नका. घरची परिस्थिती बेताची असेल तर निर्णय इथेच फिरू शकतो.

२. मुलींसाठी राज्यात २०२४-२५ पासून मोठी सवलत आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक कोर्सला सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून प्रवेश झाला असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ होते. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. खाजगी अभिमत विद्यापीठांनाही नाही.

३. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. उत्पन्न मर्यादा ८ लाखच. अर्ज महाडीबीटीवर करायचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेवावा, नाहीतर ऐन प्रवेशात धावपळ होते.

४. शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. साधारण हप्ते कोर्स संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. समजा ६ लाख उचलले आणि दर १० टक्के असला, तर वर्षाचं नुसतं व्याज ६० हजार होतं. ते शिकतानाच भरत गेलं तर पुढचा हप्ता हलका होतो.

‘डायरेक्ट अॅडमिशन’वाल्यांपासून सावध

जून-जुलै आला की मोबाईलवर मेसेज सुरू होतात. सीट बुक करा, आज भरा, उद्या संपेल. पैसे देण्याआधी एवढं तपासा:

• कोर्सला एआयसीटीई किंवा विद्यापीठाची मान्यता आहे का? फार्मसीचा कोर्स असेल तर फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची आहे का? एजंटच्या कागदावर नाही, मूळ वेबसाइटवर बघा.
• हातात पडणार ती पदवी, पदविका की नुसतं प्रमाणपत्र?
• जागा कॅप राउंडची की मॅनेजमेंट कोट्याची?
• मागच्या बॅचची किती मुलं, कोणत्या पदावर लागली? एक-दोन मोठे आकडे नकोत, पूर्ण यादी मागा.
• भरलेल्या प्रत्येक रुपयाची कॉलेजच्या नावाची पावती मिळते का?

मग कुणी करावं?

ज्याला माणसांशी बोलायला, आकडेमोड करायला आणि फिरायला आवडतं, त्याला फार्मा एमबीए फळतो. सुरुवात बहुतेकांची फिल्डवरच होते. डॉक्टर, स्टॉकिस्ट आणि मेडिकलवाले यांच्यात फिरावं लागतं. ते कमीपणाचं नाही. बाजार तिथेच कळतो. ज्याचं मन प्रयोगशाळेत किंवा शिकवण्यात रमतं, त्यानं एम.फार्मच धरावं.

नक्की ठरत नसेल तर बी.फार्मनंतर एक-दोन वर्षं नोकरी करणं हाही रस्ता आहे. कुरकुंभ, तारापूर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यांत औषध कारखाने आहेत. तिथे काम केलं की आपला कल कळतो, थोडा पैसा गाठीला पडतो आणि मुलाखतीत सांगायला अनुभव असतो. एमबीए दोन वर्षं उशिरा झाला तरी चालतो. चुकीच्या कोर्ससाठी घेतलेलं कर्ज मात्र वर्षानुवर्षं फेडावं लागतं.