गुरूच्या सोबतीने समुद्रापार

गोदावरीच्या खोऱ्यातील निफाडचे नाव आज द्राक्षांच्या मोसमात नेदरलँड्स आणि इंग्लंडपर्यंत पोहोचते, आणि त्या देशांतील बाजाराचे चढउतार, तपासणीचे नियम व जहाजांच्या तारखा येथील मळेकऱ्याच्या घरात रोजच्या बोलण्यात असतात. परंतु १८ जानेवारी १८४२ रोजी याच गावी, मामलेदार कचेरीतील हेडकारकून गोविंदराव रानडे यांच्या घरी महादेवाचा जन्म झाला, त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे जातीला मुकणे, हा समज शास्त्राज्ञेइतकाच दृढ होता. पुढे न्यायमूर्ती म्हणून महाराष्ट्राला वंद्य झालेल्या या पुरुषाने स्वतः कधी विलायत पाहिली नाही. तरीही विद्यार्थ्याला परदेशी नेऊन तेथील समाज, संस्था व विद्या दाखविण्याची जी प्रथा आज शाळा-महाविद्यालयांत रुजली आहे, तिच्या मराठी पूर्वेतिहासात रानड्यांचे स्थान मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण अशा प्रवासाचे फळ शिष्याची प्रस्थानापूर्वी किती तयारी झाली यावर अवलंबून असते, ही गोष्ट त्यांच्याइतकी कोणी कृतीने दाखवून दिली नाही.

या बंदीचा जाच किती होता, याचा एक जुना दाखला नाशिकच्या परिसराशी निगडित आहे. नाशिकजवळच्या आनंदवल्लीला ज्यांचा वाडा होता आणि गोदेच्याच काठी, निफाडच्या खाली असलेल्या कोपरगावी १७८३ साली ज्यांनी देह ठेवला, त्या रघुनाथराव पेशव्यांनी आपले गाऱ्हाणे विलायत दरबारी मांडण्यासाठी हनुमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलास मणियार रतनजी या पारशी गृहस्थासोबत १७८१ मध्ये इंग्लंडला रवाना केले होते. तेथे सोवळ्याओवळ्याच्या अडचणीने त्यांचे हाल होत आहेत असे पाहून एडमंड बर्क या सहृदय मुत्सद्द्याने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या बागेतील काचघर स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले. एवढे करूनही, स्वदेशी परतल्यावर सोन्याची योनी घडवून तीतून बाहेर पडण्याचा, म्हणजे जणू नवा जन्म घेण्याचा विधी करावा लागल्याची नोंद विल्फर्ड या पंडिताने केली आहे. हा प्रवास राजकारणासाठी होता, विद्येसाठी नव्हे. पण शंभर वर्षे पुढे ज्यांना विद्येसाठी जायचे होते त्यांच्यासमोर हेच भय उभे होते.

गुरूने शिष्याला सोबत घेऊन केलेल्या विद्याप्रवासाचे मराठी मुलखातील ठळक उदाहरण कोल्हापूरचे आहे. रानड्यांचे वडील कोल्हापूर दरबारच्या चाकरीत गेल्यामुळे महादेवाचे बालपण व प्रारंभीचे शिक्षण तेथेच झाले, आणि पुढे काही काळ ते त्या संस्थानात न्यायाधीशही होते. त्या सुमारास गादीवर छत्रपती राजाराम महाराज होते. १८५० साली जन्मलेले, इंग्रजी शिक्षण लाभलेले, वाचनाची व नवी दृष्टी कमावण्याची खरी आस्था असलेले तरुण. १८७० च्या उन्हाळ्यात पोलिटिकल खात्यातील कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांच्या देखरेखीखाली महाराजांची विलायतेला रवानगी झाली. वेस्टसाहेब पेशाने शिक्षक नव्हते आणि सरकारचा हेतू राजनिष्ठ संस्थानिक घडविण्याचा होता, हे उघड आहे. परंतु महाराजांनी प्रवासात रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहिली, आणि तिच्यामुळे या प्रवासाला शाळेचे रूप आले. लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट, पार्लमेंट, सभा-संमेलने, संग्रहालये, कारखाने, नाटके, या सर्वांची नोंद वीस वर्षांचा तो राजा दिवस मावळल्यावर साध्या शब्दांत करीत असे. पाहिलेले त्याच दिवशी परकीय भाषेत मांडावयाचे म्हणजे नजरेला शिस्त लागते. सहलीला निघालेल्या विद्यार्थ्याच्या हाती वही देण्याचा आजचा शिरस्ता याच जातीचा आहे.

हा विद्याप्रवास पुरा झाला नाही. परतीच्या वाटेवर युरोपात महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार करण्याची तेथे कोणतीच तजवीज नव्हती. तथापि नगरातील अधिकाऱ्यांच्या परवानगीने, आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कास्किने उद्यानाच्या टोकाशी, चिता रचली गेली. सोबतच्या हिंदी मंडळींनी परक्या मुलखात, अनोळखी जनसमूहापुढे तो संस्कार कोणत्या मनःस्थितीत उरकला असेल, याचा विचार मनात आला की गळा दाटून येतो. त्या ठिकाणी १८७४ मध्ये छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा बसविण्यात आला, आणि शेजारी विसाव्या शतकात बांधलेल्या पुलालाही फ्लॉरेन्सकरांनी ‘इंदियानो’, म्हणजे हिंदी माणूस, हे नाव दिले. वेस्ट यांनी महाराजांची दैनंदिनी संपादून १८७२ साली लंडनला छापली. कोल्हापुरात त्यांच्या नावाने राजाराम कॉलेज उभे राहिले, आणि त्याच कॉलेजात गोपाळ कृष्ण गोखले नावाचा एक गरीब विद्यार्थी शिकला.

रानडे व गोखले यांच्या संबंधाची कथा महाराष्ट्राला परिचित आहे; तिचा प्रवासाशी असलेला संबंध मात्र क्वचितच कोणी लक्षात घेतो. फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापकी करणाऱ्या या तरुणाला रानड्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाच्या निमित्ताने हाताशी धरले आणि जमाखर्चाचे आकडे, सरकारी अहवाल, सारावसुलीचे कागद यांतून त्याचा अभ्यास वर्षानुवर्षे करवून घेतला. लिहून आणलेला मजकूर पुन्हा लिहावयास लावणे, प्रत्येक आकड्याचे मूळ विचारणे, आणि स्तुती क्वचितच करणे, ही त्यांची रीत होती. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी डेक्कन सभेने गोखल्यांना विलायतेला पाठविले, तेव्हा त्यांच्या साक्षीमागे रानडे व गणेश व्यंकटेश जोशी यांचे परिश्रम होते, आणि श्रेयाचा मोठा वाटा गोखल्यांनी मोकळ्या मनाने या दोघांना दिला. गुरू पुण्याला होता, शिष्य लंडनला. तरी तो विद्याप्रवास गुरूच्या सोबतीनेच झाला, असे म्हणण्यास माझी हरकत नाही. वाटेत कॅले येथे पडून छातीला लागलेली इजा गोखल्यांनी सोबत निघालेल्या दिनशा वाच्छांनाही प्रथम कळू दिली नाही, आणि दुखणे लंडनला बळावले. तरी त्यांची साक्ष ठरल्याप्रमाणे झाली व उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत.

त्याच प्रवासाने त्यांना एक कठोर धडाही दिला. प्लेगच्या बंदोबस्तात पुण्याला सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांच्या हकीकती पत्रांतून ऐकून त्यांनी त्या इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत मांडल्या, आणि मुंबईला उतरल्यावर पुरावा उभा करता न आल्याने जाहीर माफी मागितली. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे मात्र त्यांनी उघड केली नाहीत. या प्रसंगात रानड्यांनी शिष्याला टाकले नाही. दूरदेशी एकटा पडलेला विद्यार्थी घाईने बोलून गेला तर घरी परतल्यावर त्याच्या पाठीशी कोण राहतो, हा प्रश्न आजही सहलीला विद्यार्थी नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला लागू आहे.

विलायतेहून परत आलेल्यांना समाजाने सामावून घ्यावे, हा विषय सामाजिक परिषदेच्या व्यासपीठावरून रानड्यांच्या पुढारपणाने वर्षानुवर्षे मांडला गेला. पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनात चहा घेतल्याच्या १८९० च्या प्रकरणात त्यांना स्वतःला प्रायश्चित्त घ्यावे लागले होते, त्याबद्दल सनातनी व सुधारक अशा दोन्ही बाजूंची टीका त्यांनी सोसली. पण हवा बदलत होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८६ मध्ये प्राच्यविद्या परिषदेसाठी व्हिएन्नाला जाऊन आले होते. नाशिक जिल्ह्यातल्याच कवळाणे गावच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीरावांनी स्वतः युरोप-अमेरिका पाहून होतकरू तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन पाठविण्याचा क्रमच घालून दिला, आणि त्याच क्रमात १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

आणि धोंडो केशव कर्वे? हिंगण्याला बसून जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका त्यांनी वाचली होती, तिच्या आधारे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, आणि ते जपानी विद्यापीठ प्रत्यक्ष पाहण्याचा योग सत्तरी ओलांडल्यावर आला. मार्च १९२९ मध्ये निघून त्यांनी माल्व्हर्नला प्राथमिक शिक्षकांची परिषद, जिनिव्हाला व डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा गाठल्या, अमेरिकेत व्याख्याने दिली, टोकियोचे विद्यापीठ पाहिले, आणि एप्रिल १९३० मध्ये ते परत आले. त्यांच्या बाबतीत वाचन आधी झाले, कार्य मध्ये झाले, दर्शन शेवटी. निफाडच्या एखाद्या शिक्षकाला आपले विद्यार्थी परदेशी न्यावयाचे असतील तर त्याने प्रवासखर्चाच्या हिशोबाइतकाच वेळ त्या देशाची भाषा, इतिहास व व्यवहार शिकविण्यास द्यावा, आणि विमानात बसण्यापूर्वी वर्षभर तरी मुलांच्या हाती रोजची वही असावी, असे मला आग्रहाने वाटते. परत आल्यावर त्या वह्या शाळेच्या दप्तरी जपून ठेवल्या, तर पुढच्या वर्षीच्या मुलांना आपली तयारी कोठून सुरू करावयाची हे आपोआप कळेल.