पैनगंगेपलीकडचा आवाज

आमच्या घरी पत्र्याची एक जुनी पेटी आहे. घरात आलेल्या लग्नपत्रिका माझी आई तीत जपून ठेवत असे. मागच्या पावसाळ्यात वाळवीच्या धास्तीने मी त्या साऱ्या उन्हात पसरल्या आणि वाचत बसलो. नावे, कुळे, मुहूर्त ओळखीचेच होते. नजर अडकली ती पत्रिकेच्या तळाशी, पत्त्याच्या खालच्या ओळीवर.

सर्वांत जुन्या पत्रिकांवर त्या जागी काहीच नाही. नुसते मुक्काम पोस्ट. पुढे कुठेतरी ‘फोन पी.पी.’ असे येते, म्हणजे फोन शेजारच्या किराणा दुकानदाराचा, निरोप मात्र आमचा. त्यानंतर ०८७३२ हा आदिलाबादचा कोड लावलेला घरचा क्रमांक आणि मग दहा आकडी मोबाईल. पण एका काळातल्या बऱ्याच पत्रिकांवर एकाच माणसाच्या नावापुढे दोन मोबाईल क्रमांक आहेत, एक इकडचा आणि एक महाराष्ट्रातला. हल्लीच्या पत्रिकांवर पुन्हा एकच. हा दुसरा क्रमांक आला कुठून आणि गेला कुठे, हे शोधू गेलो तर थेट निजामाच्या टपाल तिकिटापर्यंत जावे लागले.

आपली मंडळी सीमेची गोष्ट निघाली की १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरुवात करतात. ते स्वाभाविक आहे. राज्य पुनर्रचना कायद्याने त्या दिवशी आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, तर नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्राकडे आली. सोयरिकी मात्र कायद्याला विचारून जुळलेल्या नव्हत्या. मुलगी एका राज्यात, माहेर दुसऱ्या राज्यात, असे शेकडो घरांचे झाले.

परंतु उत्तरेकडे पैनगंगा त्याआधीही सीमाच होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. नदीच्या दक्षिणेला निजामाचे टपाल, उत्तरेला इंग्रजी. निजाम राज्याची स्वतःची तिकिटे १८६९ पासून होती, पण ती राज्याबाहेर चालत नसत. म्हणजे आदिलाबादहून दूरच्या औरंगाबादेला पत्र घरच्याच तिकिटावर जाई, आणि नदीपलीकडच्या पांढरकवड्याला लिहायचे तर इंग्रजी तिकीट लागे. हे दोन टपालखात्यांचे प्रकरण १९५० मध्ये मिटले. त्यानंतर पोस्टकार्डाला एकच दर राहिला, पांढरकवडा असो की कन्याकुमारी. देशात कुठेही, अंतर न पाहता, सारखाच टपालदर ही ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ मध्ये झालेली सुधारणा आपल्या नदीकाठी अशी जवळजवळ शंभर वर्षे उशिरा पोहोचली. आपल्या वडीलधाऱ्यांना पोस्टाविषयी जी माया होती, तिचे एक कारण मला यात दिसते.

तारेविषयी माया नव्हती, धास्ती होती. तारवाला गल्लीत शिरला की बायका दारात उभ्या राहत आणि कागद उघडण्याआधीच रडू सुरू होई. आत नोकरीची बातमी असली तरी! १५ जुलै २०१३ रोजी तारसेवा बंद झाली तेव्हा आमच्या घरी कुणाला वाईट वाटल्याचे आठवत नाही.

ट्रंककॉलचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना साधा, अर्जंट आणि लाइटनिंग हे तीन वर्ग ठाऊक असतील. लाइटनिंगचा दर साध्या कॉलच्या आठपट. तो लावणारा एक तर श्रीमंत असे, नाही तर त्याच्या घरी कुणी अत्यवस्थ असे. कॉल सकाळी नोंदवावा आणि संध्याकाळपर्यंत पोस्टाच्या ओट्यावर बसून राहावे. लागलाच तर दोन्हीकडून एकच वाक्य: ‘‘ऐकू येते का?’’

खरा बदल घडवला तो एसटीडी बूथने. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, देशी बनावटीची छोटी एक्स्चेंजेस तयार झाली आणि पिवळ्या पाटीची काचेची खोली बाजारपेठांतून दिसू लागली. आत लाल आकड्यांचे मीटर. रात्री अकरानंतर चौथाई दर लागे. त्यामुळे आदिलाबादसारख्या लवकर निजणाऱ्या गावात अकराच्या सुमारास बूथसमोर शाली पांघरलेल्या माणसांची रांग लागे. माझी आत्या नांदेडला दिलेली. आई तिच्याशी बोलू लागली की आम्ही मुले मीटरकडे पाहत आकडे मोजायचो. आत्याला ते ऐकू जाई आणि ती तिकडून म्हणे, ‘‘अव वहिनी, पोट्ट्यांले गप कर, मले त्याइचंच ऐकू येऊन राह्यलं!’’

कापसाच्या व्यापारात बूथचे मोल वेगळेच होते. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा. बाहेर भाव चढला की पलीकडचा कापूस रात्री नदी ओलांडून आदिलाबादच्या बाजारात येई. कोणत्या रात्री यायचे, हे ठरायला पूर्वी माणूस पाठवावा लागे. आता एक फोन पुरे होई. या व्यवहाराला कुणी तस्करी म्हणो, पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या कास्तकारांनी त्याला बाजारच मानले. मलाही त्यात फारसे पाप दिसत नाही.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. एसटीडीचा दर अंतरावर ठरे. राज्याची सीमा मीटरला कळत नव्हती. ती कळू लागली मोबाईलमुळे.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केलेला कॉल हा भारतातला पहिला मोबाईल कॉल मानतात. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. १ मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि मग कुठे मोबाईल आपल्यासारख्यांच्या खिशात आला. पण परवाने देताना सरकारने देशाचे जे विभाग पाडले होते ते बहुतांशी राज्यांच्या सीमांवर. आदिलाबाद आंध्र प्रदेश सर्कलमध्ये. पांढरकवडा, यवतमाळ, किनवट, नांदेड महाराष्ट्रात. परिणाम असा की श्रीकाकुळमला, थेट ओरिसाच्या सीमेवर, मोबाईलवरून मोबाईलला बोलणे स्थानिक दरात. आणि डोलाऱ्याचा पूल ओलांडला की पाटणबोरीला बोलणे एसटीडी. तिकडे गेलो तर रोमिंग, येणाऱ्या कॉललाही पुन्हा पैसे. १९५६ ची रेघ नकाशावर होती, रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर होती. आता ती माणसाच्या कानाशी आली.

बेला आणि जैनथ भागातल्या नदीकाठच्या गावांत तर गंमतच. माणूस घरच्या ओट्यावर बसलेला, आणि फोन मात्र पलीकडचा मनोरा पकडून महाराष्ट्रात पोहोचलेला. बोलता बोलता शिल्लक संपे. या काळात आपल्या लोकांत कंपन्यांविषयी जी मते तयार झाली ती आजही ऐकू येतात: अमुक कंपनी लुटारू, तमुक कंपनीची रेंज चांगली, सरकारी फोन बिनभरवशाचा पण मनाचा सरळ. एक कंपनी सोडून दुसरी धरायची, आणि सहा महिन्यांत तिलाही शिव्या द्यायच्या. माझेही एका कंपनीशी रोमिंगच्या बिलावरून मोठे भांडण झाले होते. फोनवरचा मुलगा नम्रपणे तेलुगूत सांगत राहिला की त्या दिवशी आपण महाराष्ट्रात होता. मी सांगत राहिलो की मी माझ्या वांग्याच्या वाफ्यात होतो. आज वाटते, तो खोटे बोलत नव्हता. आमचे भांडण त्या कंपनीशी नव्हतेच. पुनर्रचनेच्या रेघेशी होते आणि ती रेघ तक्रार नोंदवून घेत नाही.

यावर आपल्या कुटुंबांनी काढलेला उपाय म्हणजे पत्रिकेवरचा तो दुसरा क्रमांक. यवतमाळच्या मामाने आपल्या नावावर एक सिमकार्ड घ्यायचे आणि भाच्याला द्यायचे. पुढे दोन सिमांचे हँडसेट आले तेव्हा शहरातल्या लोकांना ती चैन वाटली. आपल्याला तो शिधापत्रिकेसारखा रोजचा आधार झाला. जिवती आणि केरामेरीच्या सीमेवरच्या चौदा गावांपाशी दोन्ही राज्यांची शिधापत्रिकाच आहे, त्यांची कथा निराळी. पण मोबाईलपुरते आपणही काही वर्षे दोन राज्यांचे नागरिक होतो.

मग गाठी एकेक करून सुटल्या. १ मार्च २००६ रोजी बीएसएनएलने देशभर मिनिटाला एक रुपया हा दर आणला. १५ जून २०१५ पासून तिचे रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, आणि २०१७ पर्यंत रोमिंगचा दर बाकीच्या मोठ्या कंपन्यांनीही सोडला. दरम्यान २०१४ मध्ये तेलंगणा राज्य झाले, २०१६ मध्ये आदिलाबादचे चार जिल्हे झाले. परवान्याच्या कागदावर मात्र आपण आंध्र प्रदेश सर्कलमध्येच राहिलो. त्याची कुणाला खबरही नाही, कारण आता त्याने बिलात फरक पडत नाही.

दूरदर्शन आणि केबलची कहाणी एका परिच्छेदात आटोपते. ईटीव्ही मराठी ही वाहिनी २००० साली हैदराबादेतल्या रामोजी फिल्म सिटीतून सुरू झाली, म्हणजे मराठी कार्यक्रम आपल्याच राजधानीतून निघत आणि आपल्याच घरी पोहोचायला मारामार. दक्षिणेच्या स्वस्त संचात मराठी वाहिनी नसे. मागितली तर केबलवाला म्हणे, ‘‘एकट्या तुमच्यासाठी कशी लावू?’’ २०१९ मध्ये वाहिन्या निवडून घेण्याचे नियम लागू झाले तेव्हा तोवर ती वाहिनी कलर्स मराठी झालेली होती, आणि घरातली मुले टीव्हीसमोरून उठून गेलेली होती.

आपल्या बैठकांत एक तक्रार नेहमी ऐकतो की फोनने पत्र मारले आणि पत्राबरोबर मराठी. मलाही तसेच वाटे. पण पेटीत पत्रिकांखाली पत्रांचाही एक गठ्ठा निघाला. तो वाचला तर सारी पत्रे पुरुषांची. ‘सौ. चा नमस्कार’ एवढीच बायकांची हजेरी. आईने जन्मात आत्याला पत्र लिहिले नाही. दोघींची पोस्टाची ओळख मनीऑर्डरीवर अंगठा उठवण्यापुरती. वऱ्हाडातून सून म्हणून आलेल्या बायकांची मराठी आपल्या घरांत कोंडून राहिली होती. तिला नदी ओलांडून जायला प्रथम बूथने आणि मग मोबाईलने वाट दिली. पत्राने मराठी राखली हे खरे, पण अर्ध्याच घराची.

उरलेली बाजूही मांडली पाहिजे. माझा नातू तेलुगू आणि इंग्रजीत शिकला. आजोळच्या लोकांशी फोनवर वऱ्हाडी मराठी असा बोलतो की पलीकडच्यांना तो तिथलाच वाटावा. देवनागरी मात्र त्याला हिंदीच्या तासापुरती, अडखळत येते. परवा यवतमाळहून एका लग्नाची पत्रिका व्हॉट्सअॅपवर आली. छापील नक्षीतले जोडाक्षर त्याला लागेना. ‘‘आबा, तुम्ही वाचून पाठवा ना,’’ असा निरोप त्याने हैदराबादहून आवाजातच धाडला. मी चष्मा लावून, श्रीगणेशापासून ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत सबंध पत्रिका फोनमध्ये वाचली. तळाशी क्रमांक एकच होता.