हरणाच्या बरगडीवरच्या गाठी
अमेरिकेतील मिशिगन राज्यात शिकार केलेल्या हरणाचा कोथळा रानातच काढला जातो. त्या वेळी फुप्फुसांवर किंवा बरगड्यांच्या आतील अस्तरावर वाटाण्याएवढ्या पिवळसर गाठी आढळल्यास तो ‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’ या जिवाणूमुळे होणारा क्षय असू शकतो. हा धोका केवळ कागदावरचा नाही. २००४ मध्ये क्षयबाधित हरीण साफ करताना एका शिकाऱ्याच्या बोटाला सुरी लागली आणि त्या जखमेतून त्यालाही लागण झाली. रबरी हातमोजे त्यासाठीच. मात्र, गाठी दिसल्या नाहीत म्हणजे जनावर निरोगी, असे नव्हे. रोग बहुधा डोक्यातील लसिकाग्रंथींत दडलेला असतो आणि कोथळा काढताना त्या उघड्या पडत नाहीत. त्यामुळेच राज्याचे नैसर्गिक साधनसंपत्ती खाते शिकाऱ्यांकडून हरणांची मुंडकी तपासणीसाठी मागवते.